बायबल पहिल्यांदाच वाचतोय: सुरुवात कुठून करायची, भाषांतर कोणतं घ्यायचं?

कट्टेकरी_सांगली

आमच्या वाचनकट्ट्यावर यंदा बायबल घेतलंय. सहा जण आहोत, सगळे पहिलटकर. ज्ञानेश्वरी आणि गाथा झाली, आता हे. धर्म बदलण्याचा किंवा वाद घालण्याचा विषय नाही, ग्रंथ नीट समजावा एवढाच हेतू आहे.

पहिल्या पानापासून सुरुवात केली. उत्पत्ती झपाझप झालं, निर्गमही विसाव्या अध्यायापर्यंत झालं. पंचविसाव्यापासून मंडपाच्या (देवासाठी उभारायच्या तंबूवजा निवासाच्या) फळ्या, कड्या, पडदे, हात-हात मापं. तिथे गाडी रुतली, दोघांनी पुस्तक मिटलंच. प्रश्न असे:

१) क्रमानेच वाचायचं असतं का?
२) मराठीत बरीच भाषांतरं दिसतात. कोणतं घ्यावं?
३) नवख्या वाचकाची फसगत नेमकी कुठे होते?

जाणकारांनी सांगावं. उपदेश नको, हातात धरता येईल असं काही हवंय.

---

घाटवाट

तुम्ही पारायण सुरू केलंत, तिथेच गफलत झाली. पारायण एका ग्रंथाचं करतात. बायबल हा एक ग्रंथ नाही, ती पेटी आहे. मुळात 'बिब्लिया' या ग्रीक शब्दाचा अर्थच 'पुस्तकं' असा अनेकवचनी आहे. प्रोटेस्टंट प्रतीत ६६ पुस्तकं, जुन्या करारात ३९ आणि नव्यात २७. कायदे, बखरी, गाणी, म्हणी, पत्रं, दृष्टान्त सगळं एकत्र बांधलेलं. पेटीतली मांडणी ही वाचायची पायरी नव्हे. नव्या करारातली पौल या प्रेषिताची पत्रंच बघा: ती लिहिल्याच्या क्रमाने नाहीत, साधारण लांबीने लावलेली आहेत. मंडळ्यांना (गावोगावच्या ख्रिस्ती समूहांना) लिहिलेल्यांत रोमकरांस सगळ्यात मोठं म्हणून पुढे. व्यक्तींना लिहिलेल्यांत फिलेमोन अवघ्या २५ ओव्यांचं म्हणून शेवटी. (ओवी म्हणालो ते सवयीने. चर्चमध्ये 'वचन' म्हणतात.)

माझ्या मते मार्ककृत शुभवर्तमान (येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एक) आधी घ्या. १६ अध्याय, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात आखूड. आळीपाळीने मोठ्याने वाचलंत तर दोन तासांच्या आसपास संपतं. एका बैठकीत संपवा. रोज एक अध्याय असं तुकडे पाडून मार्क वाचला की त्याचा वेग मरतो. 'लगेच', 'तत्क्षणी' हे शब्द किती वेळा येतात ते बघा, लिहिणाराच घाईत आहे.

दुसऱ्या वाचनात पेन्सिल घ्या आणि मार्क जिथे जिथे मागचं काही उचलतो तिथे खूण करा. पानाच्या कडेला किंवा तळाला संदर्भ छापलेले असतात. चारच धागे पहिल्यांदा पुरेत (आकडे अध्याय:वचन असे):

मार्क १:२ पासून मलाखी ३:१ आणि यशया ४०:३ ला जा. मार्क नाव फक्त यशयाचं घेतो, पण अवतरणात दोघं मिसळलेले आहेत.
मार्क १२:१ पासून यशया ५.
मार्क १४:६२ पासून दानीएल ७.
मार्क १५:३४ पासून स्तोत्र २२, पूर्ण.

शेवटचं मुद्दाम पूर्ण वाचा. वधस्तंभावरचा तो आक्रोश म्हणजे या स्तोत्राची पहिली ओळ आहे. आपल्याकडे अभंगाचं ध्रुपद उच्चारलं की ऐकणाऱ्याच्या मनात पुढचा सगळा अभंग उभा राहतो, तसं इथे होतं. स्तोत्राचा शेवट पहिल्या ओळीपेक्षा फार वेगळ्या जागी पोचतो. तो माहीत असला आणि नसला, तर मार्कचा पंधरावा अध्याय दोन निरनिराळ्या प्रकारे वाचला जातो.

असे धागे ओढत जुन्या करारात शिरलात की रुतणार नाही, कारण प्रत्येक वेळी काहीतरी शोधायलाच गेलेले असाल.

रुतलेल्या गाडीबद्दल: निर्गम २५ ते ३१ मध्ये मंडप कसा करायचा ते सांगितलंय, ३५ ते ४० मध्ये तो तसाच केला हे जवळपास त्याच शब्दांत पुन्हा आलंय. मधले ३२ ते ३४ म्हणजे सोन्याच्या वासराचं प्रकरण, ते सोडू नका. आधी ते वाचा आणि मग बाकीचं चाळा. आराखडा आणि बांधकाम यांच्यामध्ये लोकांनी भलताच देव ओतून घेतला, आणि तरीही मंडप ठरल्याप्रमाणे झाला, असा तो डाव आहे. पुनरुक्ती रटाळ आहे, कबूल, पण ती निष्कारण नाही.

---

जुनं_दफ्तर

भाषांतराचं मी सांगतो.

मराठीत बायबल यायला १८०५ मध्ये सुरुवात झाली, विल्यम कॅरीच्या सेरामपूरच्या छापखान्यातून मत्तय बाहेर पडलं तेव्हा. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून एकहाती संपूर्ण बायबलचं भाषांतर केलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. अभ्यासाची गोडी लागली की ते बघावं, पण सुरुवात त्याने नको.

आज चर्चमध्ये मुख्यतः चालतं ते बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं 'पवित्र शास्त्र'. भाषा जुन्या वळणाची, पण लोक वचनं पाठ म्हणतात ती याच शब्दांत, आणि संदर्भही छापलेले मिळतात. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' आजच्या मराठीच्या जवळ आहे. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेला आहे. मोबाइलवर यूव्हर्शन ॲपमध्ये मराठी भाषांतरं फुकट आहेत.

सहा जण आहात तर तिघांनी एक घ्या, तिघांनी दुसरं. जिथे दोन भाषांतरं वेगळं बोलतात तिथे थांबा. तिथे मुळात काहीतरी गाठ असते, हा जवळजवळ नियमच समजा. एक खबरदारी: 'सुबोध' कॅथलिक परंपरेतलं आहे. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात. तोबित, यहूदीथ, मक्काबींची दोन वगैरे सात जादा, ती जुन्या करारात. कुणाच्या प्रतीत पुस्तक 'गायब' आहे म्हणून भांडू नका.

आता शब्द. खरी फसगत अवघड शब्दांनी होत नाही, ओळखीच्या शब्दांनी होते:

करार म्हटलं की डोळ्यांपुढे स्टॅम्पपेपर येतो. इथला करार तसा देवघेवीचा नाही. तो नातं जोडणारा आहे, सोयरीक आणि शपथ यांच्या मधला. उत्पत्ती १५ मध्ये जनावरांचे दोन भाग करून समोरासमोर ठेवलेत आणि मधून धुमसती शेगडी व मशाल जाते. हिब्रूत करार 'कापतात', तो यामुळे.

शास्त्री म्हणजे धर्मशास्त्राची नक्कल करणारे आणि अर्थ सांगणारे लोक. आपल्या वेदशास्त्रसंपन्नांना तिथे बसवू नका, आणि जातीचं गणित तर मुळीच नको.

संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा नव्हे. तो बहुतेक वेळा आजचं सांगतो, राजाच्या तोंडावर.

जकातदार म्हणजे नाक्यावरचा पगारी कारकून नव्हे. वसुलीचा मक्ता घेऊन वर स्वतःची भर घालणारा माणूस, तोही परक्या सत्तेच्या सावलीत. म्हणून त्याच्या पंगतीला बसणं एवढं खटकतं.

ख्रिस्त हे आडनाव नाही. 'मशीहा' या हिब्रू शब्दाचं ते ग्रीक भाषांतर, अर्थ 'अभिषिक्त'. साताऱ्याच्या माणसाला राज्याभिषेक समजावून सांगायला नको, फक्त पाण्याच्या जागी तेल घ्या. १ शमुवेल १६ मध्ये मेंढरं राखणाऱ्या दाविदाच्या डोक्यावर शिंगातलं तेल ओततात तो प्रसंग वाचला की शुभवर्तमानांत 'तू ख्रिस्त आहेस काय' हा सवाल राजद्रोहाच्या वासाचा का आहे ते कळतं.

आणि तास. जुन्या भाषांतरात 'सहावा तास' दिसला तर तो सकाळी सहाचा नव्हे. सूर्योदयापासून मोजणी आहे: तिसरा तास म्हणजे सकाळी नऊ, सहावा म्हणजे दुपारी बारा, नववा तीन, अकरावा पाच. मत्तय २० मधले अकराव्या तासाला कामाला लावलेले मजूर दिवेलागणीच्या तोंडावर आलेत, म्हणून पूर्ण रोज हातात पडल्यावर बाकीच्यांचा जळफळाट होतो. दीनार म्हणजे साधारण एका दिवसाची हजेरी, एवढं ध्यानात धरा. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार. मत्तय १८ मधल्या चाकराला १०,००० तालांत माफ होतात, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, आणि तो शंभर दीनारांसाठी सोबत्याची गचांडी धरतो. 'पुष्कळ' आणि 'थोडे' एवढंच वाचलं तर त्यातला इरसालपणा निसटतो.

---

काडी_आणि_ओलांडा

घाटवाट यांनी मार्क १२ आणि यशया ५ ची जोडी दिलीय. तासगाव-कवठेमहांकाळच्या पट्ट्यातल्या वाचकाला इथे टीकाग्रंथाची फारशी गरज नाही, बाग बघितलेली असली की झालं. म्हणून हा एकच धागा जरा उलगडतो.

स्तोत्र ८० पासून सुरुवात करा. मिसरातून (इजिप्तमधून) एक वेल आणून लावला, जमीन साफ केली, त्याने मूळ धरलं. वेल म्हणजे इस्राएल लोक. मग यशया ५: दगड वेचले, उत्तम जातीचा वेल लावला, राखणीला बुरूज बांधला, द्राक्षकुंड खोदलं. खर्च सगळा झालेला आहे. फळ धरलं ते रानद्राक्षांचं. मालक विचारतो, आणखी काय करायचं राहिलं होतं? बाग फेल गेल्यावर शेतकरी हाच प्रश्न विचारतो. सातव्या वचनात शब्दांचा खेळ आहे, तो कुठल्याच भाषांतरात येत नाही. देवाने 'मिश्पात' (न्याय) बघितला तर मिळाला 'मिस्पाह' (रक्तपात), 'सेदाका' (नीती) बघितली तर 'सेआका' (आकांत). कानाला जवळजवळ एकच फळ, चवीला दुसरं. समासात लिहून ठेवा.

मग यहेज्केल १५, अवघी आठ वचनं. द्राक्षाच्या लाकडाचं काय करता येतं? भांडं अडकवायला खुंटीसुद्धा होत नाही. छाटणीनंतर बांधावर काड्यांचा ढीग पडतो तो आठवा. जळणापलीकडे उपयोग नाही. घड नसला तर या झाडाला किंमत शून्य, हा मुद्दा.

आता मार्क १२ वाचा. कुंपण, कुंड, राखणीची जागा हे सामान तेच आहे, त्यामुळे ऐकणाऱ्यांना पहिल्या ओळीलाच यशया आठवला असणार. पण येशू एक बदल करतो. यशयात दोष वेलाचा होता, इथे वेल ठीक आहे, कुळं बेइमान आहेत. मालक परगावी, वाटा मागायला आलेल्या माणसांना मारहाण, शेवटी वारसाचा खून, म्हणजे जमीन आपली. बाराव्या वचनात पुढारी चिडतात, कारण हे आपल्यालाच लावून बोललाय हे त्यांना समजलं. यशया न वाचता मार्क १२ वाचणाऱ्याला हा राग कशाचा ते नीट उमगत नाही.

आणि मग योहान १५. खोड एक, बाकी काड्या. फळ न देणारी काडी काढून टाकतात आणि फळ देणारीही छाटतात, जास्त फळ यावं म्हणून. नवखा वाचक इथे अडखळतो, की चांगल्या फांदीला कात्री का? बागायतदार अडखळत नाही. खरड छाटणी आणि फळछाटणी न घेता माल येत नाही हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. दुसऱ्या वचनातला 'छाटतो' आणि तिसऱ्यातला 'तुम्ही शुद्ध आहात' हे दोन शब्द ग्रीकमध्ये एकाच मुळातले आहेत. मराठीत ते वेगळे पडतात म्हणून तिसरं वचन तुटक वाटतं. तुटक नाही ते.

एका बैठकीला एवढी पाच ठिकाणं पुरतात. तासभर धरा.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात (मार्क ४) मात्र उलटं होतं, इथला अनुभव आडवा येतो. पाभरीने पेरणारा म्हणेल, वाटेवर आणि खडकावर बी टाकणारा हा कोण बावळट? तिथे मुठीने फोकून पेरत. बी उधळलं की थोडं बांधावर, थोडं पायवाटेवर पडायचंच. पेरणारा हलगर्जी नाही, पद्धतच तशी.

---

कृष्णामाई

मार्कपेक्षा लूक घ्या असं माझं ठाम म्हणणं आहे. मार्क घाईत आहे हेच त्याचं वैगुण्य, पहिलटकराला तो काहीच समजावत बसत नाही. लूक पहिल्या चार वचनांत सांगतो, की सगळं मुळापासून शोधून थियफिल नावाच्या माणसासाठी क्रमवार लिहितोय. आणि त्याचा दुसरा भाग तयार आहे, प्रेषितांची कृत्ये. दोन्ही मिळून ५२ अध्याय. आठवड्याला एक म्हटलं तर वर्षभराचं काम.

नकाशाशिवाय मात्र वाचू नका. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली. लूक १० मधला माणूस 'खाली चालला होता' तो सुमारे हजार मीटरचा उतार, वाईहून पाचगणीला आपण चढतो त्याच्या जवळपास दुप्पट. ओसाड घाट, दबा धरायला जागोजाग खडक. चोर तिथे का, हे मग विचारावं लागत नाही.

---

घाटवाट

@कृष्णामाई, ५२ अध्यायांवर नवखा माणूस वर्षभर तग धरेल, यावर माझा विश्वास नाही. मार्क एका रविवारी संपतो. काहीतरी पूर्ण झाल्याचा आनंद पहिल्याच आठवड्यात हवा. लूक दुसऱ्या महिन्यात घेऊ दे त्यांना. नकाशाचं मात्र शंभर टक्के पटलं.

---

कट्टेकरी_सांगली

भरपूर मिळालं, आभार. मार्कने सुरुवात करतो, नंतर लूक. अजून दोन शंका. राजांची पुस्तकं चाळली तर एका पानावर यहूदाचा राजा, पुढच्यावर इस्राएलचा, नावं सारखी, काही सुधरेना. आणि सोडून द्यावं असं काही आहे का? लेवीय टाळलं तर चालेल?

---

जुनं_दफ्तर

राजांचा गुंता सांगली-साताऱ्याच्या माणसाला पडू नये! सातारची गादी आणि कोल्हापूरची गादी डोळ्यांपुढे आणा. घराणं एक, वारणेच्या तहाने (१७३१) दोन राज्यं. शाहू म्हटलं की कोणते, सातारचे की कोल्हापूरचे, हे आपण आधी विचारतो ना, तेच इथे करायचं. शलमोनानंतर राज्य फुटलं (१ राजे १२): उत्तरेचं इस्राएल, ज्याची राजधानी पुढे शोमरोन झाली, आणि दक्षिणेचं यहूदा, राजधानी यरुशलेम. फरक एवढाच, की दक्षिणेत दाविदाचं घराणं टिकून राहिलं, उत्तरेत घराणी बदलत गेली. लिहिणारा एका गादीचा राजा संपवतो आणि मग मागे जाऊन दुसऱ्या गादीवर येतो. वहीत दोन रकाने करा, डावीकडे उत्तर, उजवीकडे दक्षिण. योराम, अहज्या ही नावं दोन्हीकडे आहेत, तिथे रकाना बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेवटी दोन साल लिहा: उत्तर पडलं इ.स.पू. ७२२ मध्ये अश्शूरकडून (असिरिया), दक्षिण इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलकडून (बॅबिलोन). संदेष्ट्यांची पुस्तकं या दोन सालांभोवती टांगायची. आमोस आणि होशेय उत्तरेत बोलतात, यशया आणि यिर्मया दक्षिणेत. आमोस गडी मूळचा दक्षिणेतला, तकोवाचा, म्हणून उत्तरेतला याजक त्याला 'तुझ्या मुलखात जा' म्हणून हाकलतो (आमोस ७).

लेवीय सगळं टाळू नका. १६, १९ आणि २५ हे तीन अध्याय घ्या. पंचविसाव्यात योबेल वर्ष आहे: दर ५० व्या वर्षी जमीन मूळ घराण्याकडे परत. म्हणून विक्रीची किंमत योबेलपर्यंत किती पिकं निघतील त्यावर ठरते. म्हणजे विकली जाते ती जमीन नव्हे, तेवढी पिकं. मुदतखरेदीचे कागद बघितलेल्याला हे लगेच उमजेल.

एकोणिसाव्यात कापणी करताना शेताच्या कडा सोडा आणि सरवा (मागे गळून राहिलेली कणसं) वेचू नका, तो गरिबाला आणि परक्याला राहू द्या, असं आहे. तिथून सरळ रूथच्या दुसऱ्या अध्यायात जा. परमुलखातली विधवा सून शेतात सरवा वेचायला येते, म्हणजे तो कायदा प्रत्यक्ष चालताना दिसतो. चार अध्यायांचं पुस्तक आहे, संपवूनच उठा. आणि मग मत्तयाच्या पहिल्या पानावरची ती कंटाळवाणी वंशावळ उघडा. वंशावळी सांगणारा हेळवी चोपडी उघडून वाचतो तशी बापाकडून मुलाकडे चाललेली यादी, आणि मधेच येशूच्या आईच्या आधी चार बायका: तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. रूथ तिथे दिसली की ती यादी कंटाळवाणी राहत नाही.

---

घाटवाट

सोडायचं काही नाही, पण पुढे ढकलायचं आहे. प्रकटीकरण सगळ्यात शेवटी आणि दानीएल वाचून झाल्यावरच. आधी वाचणारे त्यात बातम्या शोधत बसतात. १ इतिहासचे पहिले नऊ अध्याय म्हणजे नावांची यादी, ते गरज पडेल तेव्हा. यहोशवा आणि शास्ते यांत कत्तली आहेत. ग्रंथात घटना आली म्हणजे ग्रंथाची तिला मान्यता आहे असं दर वेळी नसतं. शास्तेचं शेवटचं वचन आधी वाचून घ्या, तिथे लेखकाने स्वतःच शेरा मारून ठेवलाय.

ईयोबबाबत एक खास इशारा. त्यात मित्रांची लांबलचक भाषणं आहेत, सुंदर आणि धार्मिक, भिंतीवर लावावीत अशी. ४२:७ मध्ये देव म्हणतो, की हे माझ्याविषयी नीट बोलले नाहीत. म्हणून ईयोबमधलं कुठलंही वाक्य उचलण्याआधी बोलणारा कोण ते बघा. सुटं वचन उचलण्याची खोड सगळीकडेच बाधते. अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. नव्या करारात आज चालणारे वचनांचे आकडे १५५१ मध्ये एका मुद्रकाने घातले. इफिस १:३-१४ ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे, आणि यशया ५३ खरं तर ५२:१३ पासून सुरू होतं.

आणि मार्क संपवताना १६:८ ला थांबून तळटीप बघा. सगळ्यात जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत तो ग्रंथ तिथेच संपतो, भेदरलेल्या बायका कबरेपासून पळताहेत आणि कुणाला काही सांगत नाहीत, इथे. पुढची वचनं नंतर जोडली गेली असं बहुतेक अभ्यासक मानतात. कट्ट्यावर त्या दिवशी आठव्या वचनाला पुस्तक मिटून चर्चा करा, मग पुढचं वाचा.

---

कृष्णामाई

एक राहिलं. तुमच्या सहांपैकी गाथा वाचलेले आहेत, तर स्तोत्रसंहितेची बैठक त्यांनाच घेऊ द्या. हिब्रू कवितेत यमक महत्त्वाचं नसतं, अर्थ दुहेरी असतो: पहिला चरण म्हणतो ते दुसरा चरण वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणतो किंवा उलटवतो. वाचताना दोघांनी एकेक चरण आळीपाळीने म्हणावा. आधी १९, २३, २२ आणि ८८ घ्या. ८८ मुद्दाम, कारण ते अंधारातच संपतं. मग नारायण वामन टिळकांची भजनं शेजारी ठेवा. शेवटच्या काळात ते साताऱ्यातच होते, 'देवाचा दरबार' त्यांनी तिथेच १९१७ मध्ये सुरू केला. ओवी-अभंगाच्या कानाला स्तोत्रं कशी ऐकू येतात ते त्यांत सापडतं.

जुन्या कॅथलिक प्रतींत बऱ्याच स्तोत्रांचे आकडे एकाने मागे असतात, तेविसावं बाविसावं म्हणून दिसेल. पान उलटून बघा, तिथेच असतं.

---

कट्टेकरी_सांगली

रविवारी मार्क, सलग. मोठ्याने वाचायला तिघं तयार आहेत, नकाशाची प्रिंट काढलीय. आठव्या वचनाला पुस्तक मिटतो.